‘शहरात जाऊन येते’ : बडोद्याच्या वेशीबाहेरचं बालपण

गोरवेकर

परवा आईला फोन केला तर म्हणाली, "आत्ता नको, शहरात जाऊन येते." आई एकोणऐंशी वर्षांची. गेली पन्नासहून जास्त वर्षं राहते बडोद्यातच, गोरव्याला. पण शहर म्हणजे चार दरवाजांच्या आतलं, फार तर रावपुरा आणि दांडिया बाजार. बाकी सगळं तिच्या लेखी बाहेर. आता आमच्या घरासमोर मॉल आहे, तरी शहर तिकडेच.

आम्ही १९७२ साली दांडिया बाजारातल्या वाड्यातून हाउसिंग बोर्डाच्या ब्लॉकमध्ये आलो. मी पाच वर्षांचा. आजीने यायला साफ नकार दिला. म्हणाली, "रात्री तिथे कोल्हे ओरडतात." खरंच ओरडायचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे भांडी घासायची चोकडी, पुढे ओटला, आणि ओटल्याच्या पुढे सरळ तुरीचं शेत. रात्री वायव्येकडचं आभाळ तांबडं दिसायचं. पहिल्या रात्री आत्या घाबरून बाहेर आली, तिला वाटलं कुठेतरी गंजीला आग लागली. ती कोयलीच्या रिफायनरीची ज्योत. रिफायनरी १९६५ साली रशियनांच्या मदतीने सुरू झाली वगैरे आम्हाला पुढे शाळेत कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की ढग खाली उतरले की लाली वाढते, आणि लाइट गेली तरी आमच्या गच्चीवर पूर्ण अंधार होत नाही. (गच्ची नाही, अगाशी. आम्ही अगाशीच म्हणायचो. पुण्याचा मामेभाऊ हसायचा.)

पण मला लिहायचं होतं ते डाळीबद्दल.

आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी होतं. खारट, साबणाला फेस न येणारं. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरायची, ती नखाने खरवडली तर भुकटी निघायची. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही. आई सकाळी डाळ चढवायची, तास गेला, रॉकेल संपलं, तरी डाळीचे दाणे वेगळेच. वरण म्हणजे खाली डाळ, वर पिवळं पाणी. सोडा घातला की शिजायची, पण चव साबणासारखी, आणि बाबा ताट बाजूला सारायचे. मग एका रविवारी त्यांनी उपाय काढला. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून आणला, सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधला, आणि दांडिया बाजारात आजीच्या वाड्यातल्या नळाचं पाणी भरून आणलं. आजव्याच्या तलावाचं पाणी. पाच-सहा किलोमीटर. विश्वामित्री नदीवरचा पूल ओलांडताना डबा डुचमळून त्यांची पाठ भिजायची. ते पाणी फक्त डाळीला. प्यायलाही नाही. चोरून फुलपात्रभर प्यायलो म्हणून मी एकदा मार खाल्लेला आहे.

शहरातून येणारे पाहुणेसुद्धा पुढे पुढे पेढे आणायचे बंद झाले, पाणी आणायला लागले. मोठे काका आले की आधी त्यांच्या हातातल्या कळशीकडे बघायचो.

निझामपुरा, सुभानपुरा, मांजलपूर, मकरपुरा, कुठलेही बाहेरचे लोक असाल तर लिहा.

दांडियाबाजारवाली

अगं बाई! म्हणजे आमच्या वाड्यातल्या नळाला रविवारी रांग लागायची ती तुमच्यामुळे. आमची आजी म्हणायची, "आले बघ गोरव्याचे दुष्काळी."

आम्ही आतले लोक तुमच्याकडे यायचो ते प्रवासाला निघाल्यासारखे. न्यायमंदिरापाशी सिटी बसची वाट बघत उभं राहायचं, बरोबर दशम्या, पाण्याचा तांब्या, आणि आईची ताकीद, की शेवटची बस चुकली तर तिथेच राहावं लागेल. तुमच्या ओटल्यावर बसून वाटायचं, काय मोकळं आहे! आणि अर्ध्या तासाने वाटायचं, इथे करतात काय दिवसभर? ना बाजार, ना वाड्यातली भांडणं. साधी शेवउसळीची लारी, म्हणजे हातगाडी, नाही हो तुमच्याकडे!

जलविभाग_निवृत्त

हा चर्चेचा धागा वाचून राहवलं नाही. नोकरीच पाण्याची केली.

आजव्याचा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळातला, १८९२ साली पुरा झाला. तो शहराच्या पूर्वेला, आणि उंचावर. त्यामुळे पाणी उतारावरून आपोआप शहरात यायचं. पण त्या काळी जेवढं शहर होतं तेवढ्यासाठीच ती सोय. विश्वामित्रीच्या पश्चिमेला, कारखान्यांच्या बाजूला वस्ती वाढली ती नंतर. तिथे पाणी आलं ते पुढे मही नदीतल्या फ्रेंच विहिरींचं. नाव ऐकून आमचे पाहुणे विचारायचे, फ्रेंच लोक होते का बडोद्यात? नदीच्या वाळूत खोल विहीर बांधतात आणि तिच्या तळातून चहूकडे वाळूत आडव्या भोकांच्या नळ्या सरकवतात. पाणी वाळूतूनच गाळून विहिरीत येतं. इतकं स्वच्छ, की पहिल्यांदा बघणाऱ्याला नदीचं वाटत नाही.

आणि डाळीचं म्हणाल तर बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. डाळीच्या दाण्यात जे चिकट पेक्टिन असतं त्याला कॅल्शियम धरतं आणि दाणा मऊ व्हायच्या ऐवजी आवळतो. कितीही जाळ लावा. सोड्याने तो सैल होतो, पण ब जीवनसत्त्व जातं. तुमच्या वडिलांनी ताट बाजूला सारलं ते बरोबरच केलं.

मांजलपूरचा_मधला

जलविभाग काका, नमस्कार. पाण्याचं आमच्याकडेही तेच, पण मला आगगाडीचं लिहायचंय.

आमचं घर विश्वामित्री स्टेशनच्या अलीकडे. मोठी गाडी मुंबईची, ती आमच्यासाठी नव्हतीच. आमची ती छोटी, नॅरोगेज, प्रतापनगरहून निघून पाद्र्यावरून जंबुसरला जाणारी. गायकवाडांची रेल्वे. डभोई ते मियागाम हा हिचा पहिला फाटा १८६२ साली सुरू झाला तेव्हा डबे बैल ओढायचे! आम्ही बघितली तेव्हा वाफेचं इंजिन होतं, तरी दादा म्हणायचा की बैलच बरे होते. सायकलवरचा माणूस फाटकापासून पुढच्या वळणापर्यंत तिच्याबरोबर गप्पा मारत जायचा.

सकाळच्या गाडीने पाद्र्याच्या बाया टोपल्या घेऊन उतरायच्या. वांगी, तोंडली, गवार, परवर, सगळ्यावर अजून दव. आई फलाटावरच भाव करायची, कारण तीच भाजी मार्केटात पोचेपर्यंत दुप्पट. एक बाई आईला रोज म्हणायची, "बेन, तमे तो मराठी, तमे भाव बहु करो." आई हे आम्हाला अभिमानाने सांगायची.

एकदा मी आणि धाकटा भाऊ प्रतापनगरला आत्याकडे निघालो आणि चढलो उलट्या दिशेच्या गाडीत. भाऊ सारखा म्हणत होता, "दादा, शेतं का येतायत?" मी म्हणालो, "येतात, येतात." पाद्र्याला उतरलो. तिकीट नव्हतं, पैसे नव्हते. फाटकवाल्याच्या बायकोने रोटला आणि गूळ दिला आणि संध्याकाळच्या गाडीत गार्डाच्या स्वाधीन केलं. गार्डाने घरापर्यंत आणून सोडलं. त्याच्यासमोर बाबा हसले. तो गेल्यावर हसले नाहीत.

फिरकी

निझामपुऱ्यातून हजर. माझी तक्रार आहे आणि ती मांजलपूरवाल्यांवर आहे.

उतराण, म्हणजे आपली संक्रांत. बाहेरची मुलं म्हणून आम्हाला पतंगाला पैसे कमी. शहरात पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, एकाला एक चिकटलेली घरं, हजारो पतंग, दिवसभर काटाकाटी. तिथले कटलेले पतंग कुठे जायचे? जानेवारीत वारा उत्तरेचा, ईशान्येचा. म्हणजे सगळी लूट दक्षिणेला, मांजलपुरात! आम्ही उत्तरेला, छाणी रस्त्याकडे, झाडाची काटेरी फांदी बांबूला बांधून अगाशीवर उभे, आणि आभाळ रिकामं. वर आमचे स्वतःचे कटले की ते जायचे शहरात. मी दहा वर्षांचा असताना हा अन्याय वडिलांना समजावून सांगितला. ते म्हणाले, "मग कापून घेऊ नकोस."

मांजा मात्र आमच्याकडचा चांगला, कारण जागा होती. उतराणीच्या पंधरा दिवस आधी रस्त्याच्या कडेला दोन खांबांत दोरा ताणायचा. भाताची पेज, काचेची पूड, रंग आणि आणखी काय काय त्या माणसाचं गुपित, याची लुगदी हातात घेऊन तो दोऱ्यावरून चालत जायचा. त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आणि त्यातूनही रक्त. आम्ही "गुलाबी द्या, गुलाबी द्या" करत त्याच्यामागून. ती बोटं तेव्हा दिसली होती, पण खटकली नाहीत. आता ते दिवस आठवले की आधी बोटंच आठवतात.

किन्ना, म्हणजे पतंगाची कन्नी, बांधायला मला समोरच्या जयेशभाईंच्या आईने, बांनी, शिकवलं. सत्तरीच्या. त्या नळावर सोवळं सांभाळायच्या, आणि अगाशीवर "काप्यो छे!" ओरडताना त्यांचा पदर कुठे असायचा ते त्यांनाही ठाऊक नसे. दुपारी त्यांचं उंधियुं-जिलबी, आमचा तिळगूळ आणि गुळाची पोळी. रात्री मांज्याला कागदी कंदील बांधून तुक्कल सोडायची. वासी उतराणीला, म्हणजे १५ तारखेला, उरलेसुरले फाटके पतंग गुंदरपट्टी लावून उडवायचे.

मांजलपूरचा_मधला

फिरकी, हाहाहा! खरंय. एका उतराणीला आम्ही त्रेसष्ट पतंग पकडले होते. फेब्रुवारीपर्यंत पुरले. आम्हाला वाटायचं आमचंच नशीब. वाऱ्याचं शास्त्र आज कळलं. माफी नाही.

सुभानपुऱ्याची_सुमी

मुलांचं झालं, आता मुलींचं.

आमच्या लाइनीत अकरा घरं गुजराती, तीन मराठी, एक मल्याळी, एक बंगाली. सगळे बाप कारखान्यात. आषाढात माझ्या मैत्रिणी गौरीव्रत करायच्या. पाच दिवस अळणी, मीठ बंद. घरात टोपलीत जवारा पेरलेला, रोज नवे कपडे, हाताला मेंदी, आणि खायला काजू-बदाम. मला नऊ वर्षांची असताना त्या काजूंची भुरळ पडली. आईला म्हटलं मीही करणार. आई म्हणाली, "आपल्यात नसतं." मी रडले. समोरच्या मासी म्हणाल्या, "करवा दो ने, सारो वर मळशे." चांगला नवरा मिळेल म्हटल्यावर आजीही पाघळली. झालं, मी व्रताला बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोणच्याच्या बरणीत हात घातलेली सापडले. नुसता खार चाटत होते. मैत्रिणींनी पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. (नवरा बरा मिळाला. पण लोणचं त्याला चालत नाही. शिक्षा असावी.)

नवरात्रात तर दोन-दोन ड्यूट्या. संध्याकाळी पाच वाजता आमच्या ओटल्यासमोर पाटावर हत्ती काढून भोंडला. गुजराती मैत्रिणी फेरात यायच्या, शब्द येत नसले तरी शेवटचा सूर जोरात ओढायच्या. त्यांना खरा रस खिरापत ओळखण्यात. "ढोकळा? हांडवो? खमण?" अगं, मराठी घरात हांडवो कुठून येणार! मग नऊ वाजता त्याच जागेवर मधोमध दिवा आणि गरबा. तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता. एक बाई म्हणायची, बाकीच्या झेलायच्या. आईला गरबा चांगला यायचा, माझ्याहून चांगला, पण माहेरची माणसं आली असली की ती दारातच उभी राहायची.

आणि कोजागिरी! त्यांची शरदपूनम. आमच्याकडे आटवलेलं दूध, त्यांच्याकडे दूधपौवा चांदण्यात ठेवलेला. दोन्हीकडून वाट्या यायच्या. कुठलं दूध आधी प्यायचं यावर आम्हा भावंडांत मारामारी.

वाडी_ते_वॉशिंग्टन

धागा मस्त. एक आठवण सयाजीबागेची टाकतो. शहर असो की बाहेर, पाहुणे आले की कमाटीबाग ठरलेली. (म्युनिसिपालिटी काहीही म्हणो, ती कमाटीबागच.) छोटी आगगाडी, मग म्युझियम. तिथला तो देवमाशाचा सांगाडा. त्याच्याखाली उभं राहून मी बहिणीला सांगितलं होतं, हा विश्वामित्रीत सापडला. नदीत मगरी आहेत हे तिने डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे तिने विश्वास ठेवला. कॉलेजात जाईपर्यंत.

नको_ते_बोलणारी

सगळ्यांचा आनंद बघून बरं वाटलं. आता थोडी मीठ-मिरची.

गोरवेकर, रविवारी डबा बाबांनी आणला म्हणून धागा निघाला. त्याच बोअरच्या पाण्याच्या बादल्या रोज सकाळी कोणी भरल्या? आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेचारला, पाऊण तास. आई चोकडीत बसून पातेली, घागरी, अगदी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. पहिल्या मजल्यावर पाणी चढायचं नाही, म्हणून वरच्या बिऱ्हाडाच्या बाई सहाव्या महिन्यातही जिना चढउतार करायच्या. त्यावर कुणी कौतुकाने लिहीत नाही.

दुसरं. १९८२ मध्ये शहरात कर्फ्यू लागले, तेव्हा आम्ही बाहेरचे सुरक्षित. हे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो. पण शहरातल्या वाडी भागात राहणाऱ्या मावशीकडे चार दिवस दूध नव्हतं, आणि आम्ही इथे तुरीच्या शेतात लपाछपी खेळत होतो.

आणि तिसरं, कारखाने. ज्याच्या भोंग्यावर आमचं घर उठायचं-जेवायचं, तो कारखाना पुढे बंद पडला. नाव लिहीत नाही. बाबा तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. भोंगा थांबल्यावरही बरेच महिने ते साडेसहाला डबा भरायला सांगायचे आणि तो घेऊन कमाटीबागेत जाऊन बसायचे. आम्हाला कळलं ते शेजाऱ्यांकडून.

सुभानपुऱ्याची_सुमी

ताई, हे वाचून थांबले. माझ्या बाबांच्या डब्यावरही त्याच कारखान्याचा शिक्का असणार. आमच्याकडे ते अगाशीवर जाऊन बसायचे.

गोरवेकर

नको_ते_बोलणारी, बरं केलंत लिहिलंत. बादल्या आईनेच भरल्या. मी हे आज तिला विचारलं. म्हणाली, "हो, आणि तुझ्या बाबांच्या त्या डब्यातलं निम्मं पाणी मीच सुरुवातीला ओतून द्यायचे. गंज यायचा त्याला. मग मीच कल्हई करायला सांगितली." बघा. इतकी वर्षं मी कल्हईची कल्पना बाबांची समजत होतो. मूळ लेखात दुरुस्ती करत नाही, तशीच राहू दे.

तिला हेही विचारलं, की मग तू वाड्यात परत का नाही म्हणालीस? तर म्हणाली, "तिथे एक मोरी आणि सहा बिऱ्हाडं. इथे माझी चोकडी होती." भांडी घासायच्या चार फुटी चौकोनासाठी तिने खारं पाणी पत्करलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

ज्योत अजून दिसते का म्हणून कोणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या अगाशीवरून नाही. मध्ये दहा मजली इमारती झाल्या. पावसाळ्यात ढग उतरले की त्यांच्या कडांना थोडा रंग येतो, तेवढंच.

फिरकी

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). मकरपुऱ्याचं कोणीच कसं नाही इथे? तिकडे विमानदळाच्या तळामुळे पतंगांचं काय व्हायचं ते कळायला हवं.

दांडियाबाजारवाली

गोरवेकर, एक विचारू? तुमच्या आजीच्या वाड्यात नळाशेजारी पारिजातक होता का? आणि नळाला लाल फडकं बांधलेलं? कारण रविवारी कल्हईचा डबा घेऊन येणारे एक सायकलवाले मला पक्के आठवतात. आमच्या आजीला ते "आई, दोनच मिनिटं" म्हणायचे आणि अर्धा तास लावायचे.

गोरवेकर

फडकं होतं. पण पांढरं, पंच्याचं. आणि झाड डाळिंबाचं.

दांडियाबाजारवाली

मग शेजारचा वाडा. तुमच्याकडे पाणी आमच्या आधी यायचं.